तिसरा ग्लास

गोदामाच्या वरचा हॉल तसा शंभर माणसांचा. त्या रविवारी त्यात दोनशे होती आणि निम्म्यांच्या मांडीवर एकेक खोकणारं पोर. खिडक्या बंद, दाराला आतून कडी. "बाहेरची हवा मिसळली की मोजमाप चुकतं," असं महाराजांनी बजावून ठेवलेलं. त्यामुळे लोक घामानं निथळत होते, एकमेकांच्या मानेवर खोकत होते आणि मोठ्या श्रद्धेनं गुदमरत होते.

समोर टेबल, त्यावर पांढरीशुभ्र चादर, चादरीवर ओळीनं काचेचे ग्लास. टेबलामागे श्वासमहाराज. दाढी नाही, जटा नाही. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा कोट आणि आवाज असा, की बाई गं, साखरेच्या पाकात बुडवून काढलेला.

"मी देव नाही," महाराज म्हणाले. "मी डॉक्टर नाही. मी बरंसुद्धा करत नाही. मी फक्त मोजतो. बरं तुमचं पोर आपलं आपण होतं."

लोकांनी माना डोलावल्या. इतका साधा माणूस, स्वतःकडे काही श्रेय घेत नाही, असं माझ्या पुढची शिंपीण तिच्या पुढच्या बाईला कुजबुजली.

"छातीत काय साचतं? मळ. मळ जातो कुठून? आला त्याच वाटेनं. चला, सगळे म्हणा. फुंक बाळा फुंक, दमा बाहेर थुंक."

दोनशे माणसं एका सुरात म्हणाली. एक पोर पुढे गेलं. महाराजांच्या चष्मेवाल्या शिष्येनं बाटलीतून ग्लासात पाणी ओतलं. स्वच्छ, आरपार दिसणारं. पोरानं नळी तोंडात धरून त्यात फुंकलं. बुडबुडे आले. दहा फुंकरा, वीस फुंकरा, आणि ते पाणी हळूहळू पांढरं झालं.

हॉलमध्ये सुस्कारा उठला. डोळ्यांसमोर पोराच्या छातीतला दमा ग्लासात उतरला होता. आईनं पदर डोळ्यांना लावला.

"पहिली पायरी, दुधाळ," महाराज म्हणाले आणि शिष्येनं कार्डावर शिक्का मारला. "दहा दिवसांनी या. दुसरी पायरी येईल, धुरकट. आणखी दहा दिवसांनी तिसरी, निवळ. निवळ म्हणजे मोकळा. मात्र एक अट. तो दम्याचा पंप आजपासून बंद. पंप म्हणजे आतून दार लावून घेणं. मळ जाणार कुठून?"

टेबलाखाली एक वेताची टोपली होती. बाईनं पिशवीतून पोराचे दोन्ही पंप काढले आणि टोपलीत टाकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढचं नाव पुकारलं गेलं ते आमच्या भिंगरीचं. भिंगरी म्हणजे माझ्या भावाची मुलगी, वय वर्षं नऊ. चालायला लागली तेव्हापासून नुसती गरगर फिरायची म्हणून नाव पडलं भिंगरी. आता जिना चढली की मधल्या पायरीवर बसते. दादा तिला घेऊन छाती काढून पुढे गेला. काढणारच. तो त्या गोदामाचा मुकादम, हॉल त्यानंच मालकाकडे शब्द टाकून मिळवून दिलेला. महाराजांच्या शेजारी खुर्ची होती त्याला.

भिंगरीनं फुंकलं. पाणी दुधासारखं झालं. दादानं पंप टोपलीत टाकले. मी मागच्या भिंतीला टेकून, तिचं दप्तर छातीशी धरून हे सगळं बघत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

पण मी तोंड उघडू शकत नव्हते. का, ते सांगते.

बावीस वर्षं मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. नळ्या धुवायच्या, बाटल्या भरायच्या, पोरांनी फोडलेल्या काचा झाडायच्या. मग शाळेनं प्रयोगशाळा गुंडाळली, तिथे कॉम्प्युटर मांडले आणि मला घरी पाठवलं. घर म्हणजे दादाचं घर. दोन खोल्या आणि मधली वाट. त्या वाटेत माझी घडीची खाट. ती उघडली की घरातल्या कुणाला इकडून तिकडे जाता येत नाही, म्हणून सगळे निजल्यावर ती उघडायची आणि सगळ्यांच्या आधी उठून मिटायची. घरात माझी जागा तेवढीच.

त्यात मुलांच्या हॉस्पिटलचं एक काम मिळालं. दमा असलेल्या मुलांच्या घरच्यांना दम्याबद्दल किती कळतं आणि ते तो कसा सांभाळतात, हे मोजायचं. माझ्याकडे चाळीस घरं. एकदा जायचं, फॉर्म भरायचा, पाच आठवड्यांनी पुन्हा जायचं, तोच फॉर्म भरायचा. मुलाला एका नळकांड्यात फुंकायला लावायचं, त्यातला काटा किती वर सरकतो ते लिहायचं. आणि पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर जाड अक्षरात नियम: उत्तर चूक असले तरी दुरुस्त करू नये. आकडा घरच्यांना सांगू नये. शिकवलं की मोजमाप बिघडतं म्हणे. सगळ्या जगाचं मोजमाप तेवढं माझ्या तोंडामुळे बिघडायचं राहिलं होतं.

पहिल्या फेरीतली उत्तरं ऐकाल तर हसाल. "मुलाला दमा आहे का?" तर, "छे छे, दमा कुठला, नुसता दम लागतो." "रोजचा पंप रोज देता का?" "हो तर, आजारी पडला की रोज देतो." "पंप संपला हे कसं ओळखता?" "हलवून बघतो की. अजून खुळखुळतोय." एका बापानं सांगितलं, घरात दोन पंप आहेत, एक तपकिरी, एक निळा, निळा युनिफॉर्मला शोभतो म्हणून तो शाळेत देतो.

आता तपकिरी रोजचा. आतली सूज उतरवतो तो. हळू काम करतो, पण रोज दिला तरच करतो. निळा अडीअडचणीचा, आवळलेल्या नळ्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या करणारा. एवढं साधं सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी मात्र "बरं" म्हणायची, चौकटीत खूण करायची आणि पुढचा प्रश्न विचारायची.

त्या रविवारी घरी आल्यावर मात्र राहवलं नाही. दादा चपला काढत होता.

"दादा, ते चुन्याचं पाणी असणार. फुंकलं की पांढरं होतंच."

"कुणीही फुंकलं तरी?"

"कुणीही."

"मग शिंपिणीच्या पोराचं आज तिसऱ्या खेपेला निवळ कसं आलं? तोच टेबल, त्याच बाटल्या. चुनाच असता तर तिन्ही वेळा पांढरं झालं नसतं?"

मागच्या भिंतीपासून टेबल कितीसं दिसणार? आणि दादा काही मूर्ख नाही. प्रश्न बरोबरच होता त्याचा.

"पण पंप बंद करू नकोस रे. तो रोजचा तरी."

"का? तिनं जन्मभर त्या नळकांड्याला लटकून राहायचं? वर्गात पोरं तिला पंपवाली म्हणतात, माहितीये तुला?" त्याचा आवाज फाटला. "बाप आहे मी तिचा. तू फॉर्म भर."

वहिनी आतून आल्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "वन्सं, तुम्ही प्रश्न विचारून पुढच्या घरी जाता. उशाशी बसून तिचे श्वास मी मोजते. मला कुणी पहिल्यांदा म्हणालंय की हे संपेल. संपेल म्हणालंय हो कुणीतरी."

तरी मी एक केलं. घरात कपाटावर एक जुना निळा पंप राहिला होता, तो गुपचूप माझ्या पिशवीच्या तळाशी ठेवला.

आणि गंमत बघा, भिंगरी बरी दिसायला लागली की. आठवडाभर खोकला नाही. दहा दिवसांनी दुसरा ग्लास धुरकट आला. त्याच दिवशी वहिनींना माझ्या पिशवीत पंप सापडला. तोही टोपलीत गेला. दादा मला एवढंच म्हणाला, "माझ्या घरात राहायचं असेल तर माझ्या मुलीच्या आड येऊ नकोस." ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

मधल्या काळात माझी दुसरी फेरी सुरू झाली. सातवा प्रश्न होता, "मुलाचा दमा आटोक्यात आहे असे वाटते का?" पहिल्या फेरीत निम्मी घरं नाही म्हणाली होती. आता दारात उभं राहायच्या आत उत्तर यायचं, "निवळ." भिंतीवर कार्ड टांगलेलं, त्यावर तीन शिक्के. इस्त्रीवाल्याच्या बायकोनं तर मला कार्डाखाली उभं करून दाखवलं, "आमचा निवळ, तिकडच्यांचा अजून धुरकटच." आतून पोराचा खोकला ऐकू येत होता. मी आठव्या प्रश्नाला विचारलं, "गेल्या चार आठवड्यांत किती वेळा झोप मोडली?" ती म्हणाली, "रोजच की. पण ते मळ निघतोय म्हणून." मी दोन्ही उत्तरं लिहिली. आटोक्यात आहे: हो. झोपमोड: रोज. नळकांड्यातला काटा मात्र बहुतेक घरांत खाली आलेला. ग्लास वर चढत होता, काटा खाली उतरत होता आणि मी मूग गिळून दारोदार फिरत होते.

यादीतलं शेवटचं घर आमचंच. भिंगरीनं फुंकलं. पहिल्या फेरीत तिचा काटा दोनशे तीसवर गेला होता. आता तो एकशे पंचेचाळीसवर थांबला. पुस्तिकेत लिहिलं होतं, आकडा दीडशेच्या खाली आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. कळवलं असतं तर डॉक्टरांचा फोन दादाला आला असता. दादानं मला विचारलं असतं, तू सांगितलंस ना? आणि माझी घडीची खाट त्या वाटेतून बाहेर गेली असती.

"आत्या, किती आले?" भिंगरीनं विचारलं.

"चांगले आले," मी म्हटलं आणि एकशे साठ लिहिलं.

लिहिलं, बाई. या हातानं लिहिलं. भिजवलेल्या चुन्याची मापं बावीस वर्षं थेंबभर न चुकवणारी मी.

तीन दिवसांनी तिसरा ग्लास होता. सकाळपासून भिंगरी तीनच शब्दांत बोलत होती. "आत्या, वेणी घाल." मग थांबायची. मी वहिनींना विचारलं तेव्हा कळलं, महाराजांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की निवळ यायच्या दिवशी मळ खवळतो, घाबरू नका. म्हणजे पोर हसलं तरी महाराज खरे, पोर गुदमरलं तरी महाराज खरे. सुटायला फटच ठेवली नव्हती त्या माणसानं.

हॉल पुन्हा गच्च. कडी लागली. मुकादमाची मुलगी म्हणून भिंगरीला आधी बोलावलं आणि दप्तर धरायला म्हणून मीही वहिनींशेजारी पहिल्या रांगेत बसले. टेबल माझ्यापासून हातभर अंतरावर. तिथून मला बाटल्या पहिल्यांदा नीट दिसल्या.

तीन मोठ्या बाटल्या, तिन्हींना रबरी बुचं. एक लाल, एक पिवळं, एक हिरवं. शिष्या आधी कार्ड बघत होती, शिक्के मोजत होती आणि मग बाटली उचलत होती. लाल बुचाच्या बाटलीच्या गळ्याशी आतून जाड पांढरं कडं धरलेलं. पिवळ्याच्या गळ्याशी पुसट. हिरव्याचा गळा स्वच्छ. ते कडं मी ओळखते. बावीस वर्षं ब्रशनं घासून माझी नखं झिजली त्याच्यापायी. चुन्याचं पाणी जिथे हवेला लागतं तिथे ते धरतं. लालमध्ये चुन्याचं पाणी होतं, पिवळ्यात तेच पण पाणी घालून वाढवलेलं आणि हिरव्यात नळाचं.

दादाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोर उभं होतं. आणि मी अजूनही बसलेलीच होते.

शिष्येनं भिंगरीचं कार्ड बघितलं, हिरवं बूच काढलं, पाणी ओतलं. भिंगरीनं नळी धरली. फुंकता येत नव्हतं तिला. दोन बुडबुडे, थांबली, एक बुडबुडा. खांदे कानांपर्यंत वर येत होते. गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. पाणी तसंच्या तसं राहिलं.

"निवळ," महाराज म्हणाले. "बघा, थेंबभर मळ नाही. मोकळी झाली पोर."

टाळ्या पडल्या. दादाचे डोळे भरून आले. त्यानं भिंगरीला मांडीवर घेतलं. तिच्या ओठांच्या कडा निळसर झाल्या होत्या.

मी उठले. टोपलीकडे हात घातला तर दादानं माझं मनगट धरलं.

"खाली बस."

"दादा, तिच्याकडे बघ."

"निवळ आलंय. आता पंप दिलास तर सगळं वाया जाईल. महाराजांनी सांगितलंय."

"अटॅक आलाय तिला. तुझ्या पाया पडते, सोड."

त्याची पकड पोती उचलणाऱ्याची. मागे दोनशे माणसं, दाराला कडी, खिडक्या बंद. महाराज गोड आवाजात म्हणाले, "ताई, शंका आली की मळ परत फिरतो. शांत व्हा. म्हणा, फुंक बाळा फुंक."

लोक म्हणायला लागले. त्या आवाजात भिंगरीनं बापाची बाही ओढली.

"बाबा," ती म्हणाली. श्वास घेतला. "तुम्ही." पुन्हा श्वास. "फुंका."

"काय गं?"

"माझं. निवळ." तिनं छातीवर हात ठेवला. "मग. हे. काय? तुम्ही. फुंका."

नऊ वर्षांच्या पोरीला जे कळलं ते त्या हॉलमध्ये कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. ग्लास मोजतो म्हणता, तर ज्याला काही झालेलं नाही त्याचं मोजा. दादानं माझा हात सोडला. पोर सांगतंय तर एकदा, अशा चेहऱ्यानं तो ग्लासकडे वळला. मी तोवर लाल बुचाची बाटली उचलली होती.

"त्याला हात लावू नका, दूषित होईल," महाराज म्हणाले. आवाजातला पाक जरा आटला होता.

"होऊ दे," मी म्हटलं आणि ओतलं. "फुंक, दादा. लवकर."

दादानं फुंकलं. पाठीवर पोतं घेऊन जिना चढणारा माणूस तो, पाच फुंकरांत ग्लास दुधासारखा पांढरा. म्हणणारे लोक म्हणता म्हणता थांबले.

महाराज काही कमी नव्हते. "बघितलंत? बापालाच आहे. लपलेला दमा. म्हणून पोरीला झाला."

"मला?" दादा म्हणाला.

मी दुसऱ्या ग्लासात हिरव्या बाटलीतलं ओतलं. "आता यात."

त्यानं फुंकलं. कितीही फुंकलं तरी पाणी जसंच्या तसं.

"अभिनंदन," मी म्हटलं. "अर्ध्या मिनिटात बरा झालास. आता परत लालमध्ये फुंक, म्हणजे परत आजारी पडशील."

मी हॉलकडे तोंड केलं. त्या लोकांपैकी निम्मे माझ्याच शाळेतून गेलेले. त्यांना मी ओळखत होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी घोकत बसलेले बघितले होते मी त्यांना.

"सातवीचं वाक्य आहे," मी म्हटलं. "सगळ्यांनी पाठ केलंय. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे चुन्याची निवळी..."

आणि त्या दोनशे माणसांपैकी चाळीस-पन्नास जणांनी, विचार न करता, शाळेतल्या त्याच सुरात वाक्य पुरं केलं, "...दुधाळ होते."

म्हणून झाल्यावर त्यांना ऐकू आलं आपण काय म्हणालो ते. दुधाळ, निवळ. महाराजांनी पायऱ्यांची नावंसुद्धा पुस्तकातून उचलली होती. मार्क मिळाले होते त्या वाक्याला सगळ्यांना. कुणाला वाटलंच नव्हतं की ते वाक्य खरं असतं.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. वहिनींनी टोपली उचलून सरळ जमिनीवर पालथी केली. मी गुडघ्यावर बसून निळा पंप शोधला. पहिला दाबला, नुसता खुळखुळ आवाज, औषध संपलेलं. दुसरा चालला. माझ्या पिशवीत पंपाला जोडायची प्लॅस्टिकची नळी होती, घरी अशी आहे का विचारताना दाखवायची, ती भिंगरीच्या तोंडाला लावली. एक दाब, पाच श्वास. एक दाब, पाच श्वास. "घे, राणी, घे, मी आहे." शिंपिणीनं कडी काढली. कुणीतरी खिडक्या उघडल्या. दादा तिला उचलून जिना उतरत होता आणि मी शेजारून उलटी उतरत नळी धरून होते. गोदामाची टेम्पो गाडी खाली उभी होती, तीच काढली. महाराज कुठल्या दारानं गेले ते मी पाहिलं नाही. बघायला वेळ नव्हता.

हॉस्पिटलमध्ये भिंगरीच्या तोंडावर मास्क लावला, औषधाचा वाफारा दिला, सलाइनच्या सुईला ती रडली. रडली तेव्हा मला बरं वाटलं, कारण रडायला श्वास लागतो. दोन तासांनी ती पूर्ण वाक्य बोलली. वाक्य होतं, "आई, मला भूक लागली आहे."

सर्वेक्षणाचे डॉक्टर आले. तरुण, दमलेले. दादानं त्यांना विचारलं, "पंप बंद केल्यावर मग सुरुवातीला ती बरी कशी होती?"

"कारण रोजच्या पंपाचा परिणाम दोन-तीन आठवडे टिकतो," ते म्हणाले. "आधी दिलेल्या औषधानं ती बरी होती. श्रेय ग्लासला गेलं. औषध ओसरलं तेव्हा वीस दिवस झाले होते. तिसऱ्या ग्लासची वेळ."

दादा भिंतीला टेकून बसला आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडला. वहिनी त्याच्या शेजारी बसल्या. त्यांनी त्याला दोष दिला नाही, मलाही दिला नाही.

मग मी डॉक्टरांना बाजूला घेऊन एकशे पंचेचाळीसचं सांगितलं. ते म्हणाले, "उत्तर दुरुस्त करू नये हा नियम मी लिहिला होता. आकडे स्वच्छ राहावेत म्हणून." मी म्हटलं, "आकडा मी बिघडवला, डॉक्टर. तो तुमच्या नियमानं नाही बिघडला." त्यांनी माझं काम काढून घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी त्याच चाळीस घरांत गेले, फॉर्म न घेता. तपकिरी कोणता, निळा कोणता, किती दाबायचं, संपला कसा ओळखायचा. काहींनी भिंतीवरचं कार्ड काढलं. इस्त्रीवाल्याच्या बायकोनं दार अर्धंच उघडलं. म्हणाली, "पण आमचं निवळ आलंय हो." आत पोर खोकत होतं. मी दोन तास त्या पायरीवर बसून राहिले तेव्हा कुठे तिनं मला आत घेतलं. महाराज दुसऱ्या कुठल्याशा हॉलमध्ये बसतात असं ऐकते. तिथेही खिडक्या बंदच असतील.

तर तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत कुणी पोरांचा आजार ग्लासात, दोऱ्यात, नाहीतर फुंकरीत मोजून देत असेल, तर एवढंच करा. ज्याला काही झालेलं नाही अशा माणसाला तिथे फुंकायला लावा. आणि पोर बरं आहे का हे कार्डाला विचारू नका, पोराला विचारा. पूर्ण वाक्य बोलता येतं का, जिना चढता येतो का, झोप लागते का. डॉक्टरांनी रोजचा पंप दिला असेल तर बरं वाटतंय म्हणून आपल्या मनानं सोडू नका.

राहता राहिला आमच्या घराचा फॉर्म. तो मी शेवटी स्वतः उत्तरं देऊन भरला. घरातल्यांना दम्याची लक्षणं माहीत आहेत का? हो, एका व्यक्तीला. औषधांतला फरक माहीत आहे का? हो. अटॅक ओळखता येतो का? हो. समजेचे गुण पंचवीसपैकी पंचवीस. खाली विचारलं होतं, माहिती असूनही उपचारात खंड पडला का, पडल्यास कारण लिहा. मी लिहिलं, माहीत असलेली व्यक्ती घाबरून गप्प बसली.